ईटच्या खवा केंद्रात 'नाही' म्हणणारी बाई

पुण्यातल्या एका कॉलेजात मी व्यवस्थापन शिकवते. गेल्या महिन्यात एका प्रशिक्षणात भूम तालुक्यातल्या ईट गावच्या महिला खवा केंद्राची फिल्म दाखवली. अध्यक्ष बाई, तपासणीला बाई, निर्णयही बायकांचे. सगळे भारावले आणि मला शंका आली. कुणाकडं कुठला अधिकार, हे दाखवणारे असे तक्ते मी बरेच पाहिलेत. तक्त्यावर बाईचं नाव असतं आणि खुर्चीत तिचा नवरा. कॉलेजसाठी अहवाल लिहायचा म्हणून मी केंद्राला गुरुवारी येते असं कळवलं आणि बुधवारी सकाळीच जाऊन धडकायचं ठरवलं.

मंगळवारी पुण्याहून एसटीनं बार्शी, तिथून दुसरी गाडी भूमला. जाणार असाल तर एक सांगते, बार्शीत जेवून घ्या, पुढं धड काही मिळेल याचा भरवसा नाही. भूमच्या लॉजवर चादर स्वच्छ होती, एवढं पुरे. बुधवारी वडापच्या जीपनं ईट गाठलं. शेजारच्या आजोबांनी कुठं, कशाला, सगळं विचारलं. मी 'असंच, गाव बघायला' म्हटलं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

केंद्र म्हणजे पत्र्याची लांब शेड, आत मोठमोठ्या कढया, आटणाऱ्या दुधाचा गोड वास. अध्यक्षांच्या खुर्चीत एक गृहस्थ बसलेले. भगवानराव, अध्यक्ष सुलोचनाबाईंचे यजमान. बाई लग्नाला गेल्यात म्हणाले आणि मी न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं देऊ लागले. मी मनातल्या मनात अहवाल लिहूनही टाकला.

तपासणीच्या टेबलाशी शाहीन होती, तिशीतली, डोक्यावर पदर, हातात लॅक्टोमीटर. एक कॅन आला. काचेची नळी दुधात जास्तच खोल बुडाली, म्हणजे पाणी घातलेलं. शाहीननं तो कॅन बाजूला ठेवला. भगवानराव उठून आले.

"घे की. घरचंच हाय आपलं."

"घरचं हाय म्हणूनच न्हाय घेत, काका," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिनं कॅनवर खडूनं 'परत' लिहिलं. कढईपाशी ढवळणाऱ्या बायकांचे हात थांबले. भगवानरावांनी एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि कॅन उचलून ते निघून गेले.

भूमला परतले, भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, पण चव लागली नाही. या बाईचं काम उद्या राहील का, हेच डोक्यात होतं.

गुरुवारी गेले तर ओवाळणं, चहा, फुलं, सगळं साग्रसंगीत. सुलोचनाबाई स्वतः खुर्चीत. तपासणीच्या टेबलाशी मात्र दुसरीच बाई. शाहीन कुठं, विचारलं तर सुट्टीवर म्हणाल्या. मग मी काल येऊन गेल्याचं कबूल केलं.

"ठाऊक हाय," सुलोचनाबाई शांतपणे म्हणाल्या. "काल तुम्ही उतरताच जीपवाल्यानं फोन करून सांगितलं हुतं."

म्हणजे कालचं ते परत केलेलं दूध माझ्यासाठी मांडलेलं नाटक होतं? की नाटक आजचं, आणि खरं बोलणारी घरी बसवलेली? मी चहा अर्धा सोडून शाहीनचं घर विचारत निघाले.

ती अंगणात धान्य निवडत होती. मला बघून हसली नाही. काल तिला माझ्याबद्दल कुणी सांगितलं नव्हतं म्हणाली. घरी थांबायला सुलोचनाकाकूंनीच सांगितलेलं. परत केलेल्या दुधावरून त्यांच्या घरात रात्रभर भांडण झालं होतं आणि पाहुण्यांसमोर ते पुन्हा नको होतं.

"म्हणजे शिक्षा तुम्हाला झाली," मी म्हटलं.

"तुम्ही आला नसता तर आज मी कामावरच असते, मॅडम," ती म्हणाली. "उद्या जाणार हाय. काकू नको म्हणल्या तर सगळ्या बायांपुढं म्हणू द्या."

दुसऱ्यांचा खरेपणा तपासायला मी चोरपावलांनी गेले होते, आणि कामाचा दिवस मात्र तिचा बुडाला.

शनिवारी पुण्याहून केंद्रात फोन लावला. शाहीननंच उचलला. सहज केला म्हटलं.

"सहज न्हाय, मी हाय का ते बघायला केला. हाय मी." मग म्हणाली, "काकांच्या घरचं दूधबी आलंय आज. चांगलं हाय."

"तपासलं कुणी?"

"मग कुणी तपासायचं?"

शंका पूर्ण फिटलेली नाही. पाहुणे आले की तिला पुन्हा घरी थांबवतील, असं अजून वाटतं. अहवालात मी तिचा तो बुडालेला दिवसही लिहिला आणि तो कुणामुळं बुडाला, तेही लिहिलं. वर्गात आता अधिकारांचा तक्ता काढला की मुलांना एवढंच विचारते, यातलं कोण कुणाला 'नाही' म्हणून दुसऱ्या दिवशी कामावर येऊ शकतं?