फाल्गुनातली पहिली कोकिळा

माझं पहिलं बाळ आठव्या दिवशी गेलं. त्यानंतर दोन महिन्यांनी मी माहेरून, तळोद्याहून, खापरला सासरी निघाले. सोबत आत्या होती. गाडी भाड्याची आणि गाडीवान अनोळखी, पन्नाशीचा. बैलांना तो मारत नव्हता, नुसता पाठीवर हात ठेवायचा. आत्याने वाटेत त्याला माझं सगळं सांगून टाकलं. मी मात्र तोवर कुणापुढेच रडले नव्हते.

अक्कलकुव्याच्या पुढे आत्याला डुलकी लागली. तेवढ्यात मोहाच्या झाडांतून कोकिळा ओरडली, त्या फाल्गुनातली पहिलीच. गाडीवानाने कासरा ओढून गाडी थांबवली.

"बहीन, कोयल बोलनी. आयकी का?"

मी मान हलवली.

"मन्ही घरवाली गई, त्या वरीसले बी ती बोलनी व्हई. माले आयकूच उनी नही." मग हळूच म्हणाला, "तुले आयकू उनी. चांगलं शे."

मला हुंदका फुटला. तो खाली उतरला आणि माझ्याकडे पाठ करून उगाच जू चाचपत राहिला. मी मनसोक्त रडून डोळे पुसेपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही. त्याचं नाव विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

खापरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"एवढा उशीर?"

मी काही बोलण्याआधी गाडीवानच पुढे झाला. "मन्हा बैल थकी ग्यात, माय," म्हणाला, आणि माझी ट्रंक उचलून ओट्यावर ठेवली.

बैल मुळीच थकलेले नव्हते.