भिंतीसमोरचे पट्टे

शाळेच्या फाटकासमोर शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या मावशीला साहेबलोकांचा मनस्वी तिटकारा होता, आणि तो लपवायची तिला कधी गरज वाटली नाही. नऊ वर्षांपूर्वी गणवेश घ्यायला निघालेली एक मुलगी तिच्या डोळ्यांदेखत टेम्पोखाली आली. तेव्हापासून शाळा भरताना आणि सुटताना मावशी मशीन थांबवायची आणि गळ्यात टेप तशीच लोंबत ठेवून रस्त्यात उभी राहायची. ट्रकवालेसुद्धा गुमान थांबत.

मग अख्ख्या देशासाठी रस्ता सुरक्षेचं धोरण आलं. नगरपालिकेचे इंजिनिअर फाईल काखोटीला मारून दुकानात उगवले.

"मावशी, आजपासून तुम्ही स्थानिक भागीदार."

"म्हणजे करायचं काय?"

"सभेला यायचं, सह्या करायच्या."

"आणि पोरांना पलीकडे कोण नेणार?"

"ते धोरणात बसत नाही," साहेब म्हणाले.

सभेत दीड तास भाषणं झाली. बोलणाऱ्यांत रस्त्यावर पायी चालणारा एकही नव्हता. शेवटी मावशीला एक पिवळं जाकीट मिळालं, तिच्यासारख्या दोघी मावतील एवढं. शिवणही धड नव्हती.

महिन्याभरात रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे मारले गेले, तेही शाळेच्या जुन्या फाटकापुढे. ते फाटक बुजवून तिथे भिंत बांधल्याला सहा वर्षं झाली होती.

"साहेब, इथे भिंत आहे."

"नकाशात फाटक आहे."

"मग नकाशातल्या पोरांना न्या की इथून!"

"नकाशा वरून मंजूर होऊन आलाय. आपल्या हातात काही नाही."

काम समाधानकारक असल्याच्या कागदावर भागीदाराची सही हवी होती. मावशीनं 'समाधानकारक' खोडलं आणि खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'पट्टे भिंतीसमोर मारलेत. भिंत रस्ता ओलांडत नाही.'

साहेब लालबुंद झाले. "तुम्हाला सहकार्यच करायचं नाहीये!"

"नऊ वर्षं करतेय. तुम्ही आत्ता उगवलात."

आठवड्यात तिचं नाव भागीदारांच्या यादीतून उडालं. तिच्या जागी मोबाईलच्या दुकानदाराला घेतलं. त्यानं हातातल्या फोनवरून नजर न काढता सही ठोकली.

रविवारी सकाळी पट्टे मारणारा रंगारी एकटाच डबा घेऊन आला. "उरलेला रंग आहे," तो खाली बघत म्हणाला. "माझी नात इथेच शिकते. त्या दिवशी तोंड उघडायला हवं होतं मी."

"हवंच होतं," मावशी म्हणाली आणि टेपचं एक टोक त्याच्या हातात देऊन दुसरं तिनं धरलं. दुपारपर्यंत नव्या फाटकासमोर आठ पट्टे उमटले, एकही तिरका नाही.

पुढे राजधानीहून पाहणीला पाहुणे आले. साहेबांनी त्यांना थेट त्याच पट्ट्यांवर आणलं आणि लोकसहभागावर बोलायला सुरुवात केली. मावशी दारात उभी राहून ऐकत होती. एवढा निर्लज्ज माणूस मापात बसवायला कापड कुठून आणायचं, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात घंटा झाली आणि दोनशे पोरं फाटकातून सुटली.

"साहेब, बाजूला व्हा," ती म्हणाली. "पोरांची वाट अडवताय."

पाहुणे हसले. साहेब फूटपाथवर जाऊन उभे राहिले.