प्रणालीच्या चित्रावरच्या लाल रेघा

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला ठाऊक नाही, बहिणीला नाही, आणि ज्या ग्रुपवर ती घडली तिथल्या लोकांना तर मुळीच नाही — ते मला अजून ताई म्हणतात, आणि म्हणताना पुढे जोडलेल्या हातांचं चित्र टाकतात. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण समजा.

वर्ध्यात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. लग्नाआधी मी चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली होती, पहिली आले होते, आणि मग सासरच्या दुकानात नळ, बिजागऱ्या नि रंगाचे डबे विकायला बसले. तक्रार नाही करत — म्हणजे करते, पण ती वेगळी. चित्रकारांचा ऑनलाइन ग्रुप मी सुरू केला तो या गल्ल्यावर बसूनच. शाळकरी पोरं, शिक्षक, निवृत्त कारकून, घरातल्या बाया — सगळे चित्रं टाकायचे आणि खाली नुसतं 'सुंदर', 'अप्रतिम', 'वा वा'. मला त्याचा वैताग आला. म्हणून नियम केला. आधी चित्रातलं चांगलं काय ते सांगायचं, मग काय सुधारता येईल, आणि कसं, तेही. टोचून बोलायचं नाही. लोकांना ते फार आवडलं. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू?

आणि मग लाल रेघ. एखाद्या चित्रात दम वाटला की मी ते मोबाइलवर उतरवून घ्यायची आणि त्यावरच बोटाने लाल रेघा मारून दुरुस्ती दाखवायची — खांदा इथे उतरव, सावली इकडे ने. सुमार चित्रावर एवढी मेहनत कोण घेणार? त्यामुळे आमच्यात लाल रेघ हा मान झाला. ज्याच्या चित्रावर ताईंची रेघ आली, तो ते चित्र रेघांसकट स्टेटसला ठेवायचा.

प्रणाली तळेगावची. आष्टीकडचं तळेगाव, श्यामजी पंतांचं. तेव्हा बारावीत होती. तिने पहिलं चित्र टाकलं ते आपल्या आईचं — संत्र्यांच्या ढिगाशी बसून लहानमोठी फळं निवडणारी आई. साधा कार्डशीट, पोस्टर कलर. आईचे हात चुकलेले होते. म्हणजे मापाने चुकलेले — तोंडापेक्षा मोठे, सुजल्यासारखे, आणि संत्री त्या हातांत लिंबाएवढी. चेहरा तर जवळजवळ काढलाच नव्हता. मी गिऱ्हाइकाला स्क्रू मोजून देत होते. ते तसंच ठेवून बघत बसले.

सरळ सांगते. मला तसं काढता येत नाही. कधीच आलं नाही. मी काढते ते बरोबर असतं — आणि बस, पुढे काही नसतं. या पोरीला कुणी काही शिकवलं नव्हतं, आणि तिच्या आईचे हात बघून माझी बोटं दुखल्यासारखी वाटली. मला आनंद व्हायला हवा होता ना? माझा जळफळाट झाला. मत्सरच तो, त्याला दुसरा बरा शब्द मी शोधत नाही.

मग मी काय केलं? सगळं नियमाप्रमाणे केलं — हेच तर. रंग छान, विषय आपल्या मातीतला, असं आधी लिहिलं. मग रेघ मारली. हातांभोवती. मापात बसतील असे लहान, सुबक हात आखून दिले आणि खाली लिहिलं, 'बाळा, भावना आहे, पण अभ्यास कमी पडतोय.' लोक धावून आले. किती प्रेमाने सांगता ताई! असं मार्गदर्शन कुठे मिळतं! मी नावं ठेवली असती तर तिच्या बाजूने कुणीतरी उभं राहिलं असतं. पण मी मदत करत होते. मदत करणाऱ्याचा हात कोण धरणार?

तिने दुरुस्ती केली — आणि नव्या कागदावर नाही, त्याच चित्रावर. पांढऱ्या रंगाने आईचे हात बुजवले आणि वर मी आखलेले हात काढले. चित्र मेलं. मला ते दिसलं, कदाचित त्या ग्रुपात मला एकटीलाच दिसलं. मी लिहिलं, 'आता कसं जमलं!'

तिथे थांबले असते तर एका दिवसाचा दुष्टपणा म्हणून सोडूनही देता आलं असतं. पण चटक लागली. ती दर आठवड्याला काहीतरी टाकायची — म्हैस, आठवडी बाजार, दारात झोपलेले आजोबा. प्रत्येक चित्रात जीव कुठे आहे ते मला अचूक सापडायचं. डोळा आहे मला, तेवढा देवाने दिलाय. आणि रेघ बरोबर तिथेच पडायची. मग म्हटलं, फोटोवर चौकटी आख आणि बघून काढ. तिने काढलं. महिनोन्‌महिने काढलं, निमूट. शेवटी अगदी गुळगुळीत, कॅलेंडरवर शोभेल असं चित्र आलं, तेव्हा लिहिलं — 'तंत्र आलं गं, पण यात तू कुठे आहेस?'

एवढं लिहून मी चहा घेतला. चहा छान लागला. राग येतोय ना माझा? येऊ द्या.

तरी पोरगी हटली नाही. बारावी झाल्यावर नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं म्हणून तिने घरी हट्ट धरला. घरचे काही नाही म्हणणारे नव्हते, फक्त बिचकत होते — या शिक्षणाचं पुढे होतं काय? आणि एका दुपारी तिचे वडील आमच्या दुकानात उभे. म्हाताऱ्या आईला तपासायला सेवाग्रामच्या दवाखान्यात आणलं होतं, तिला तिथे बाकावर बसवून हा माणूस पत्ता विचारत आला होता. हातात कापडी पिशवी, पिशवीत प्रणालीची चित्रं — माझ्या लाल रेघांसकट छापून आणलेली. काउंटरवरचे कडी-कोयंडे बाजूला सारून त्यांनी ती एकेक मांडली.

"ताई, मले यातलं काई समजत नाई," ते म्हणाले. "पोरगी म्हनते, लाल रेघ म्हनजे मान असते. ताई चांगल्याच चित्रावर मारते म्हनते. आमच्या टायमाले त लाल रेघ म्हनजे चूक, मास्तर हानत जाय. आता खरं काय ते तुमीच सांगा. तुमी हो म्हनसान त उद्याच नागपूरले घेऊन जातो तिले."

काय लागत होतं मला? एवढंच म्हणायचं होतं — ती म्हणते ते खरं आहे, दादा. त्यासाठी खोटं बोलायचं नव्हतं, पदरचं काही द्यायचं नव्हतं. माणूस हो ऐकायलाच आला होता, त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी चित्रांकडे बघितलं. त्या पोरीला चार वर्षं शिकून परत आलेली बघितलं मी, तिथेच, उभ्या उभ्या. आणि म्हटलं, "मान कसला, दादा? पोर आहे, मनाची समजूत घालते. चुका आहेत म्हणून रेघा आहेत. छंद म्हणून असू द्या."

त्यांनी कागद गोळा केले, कोपरे नीट जुळवून पिशवीत घातले. "बरं झालं इचारलं," म्हणाले. "नाईतर काऊन अडवून राह्यलो तिले, असं वाटत जाय मले." जाताना त्यांनी नळाचा एक वॉशर मागितला. मी त्याचे पैसे घेतले नाहीत. 'असू द्या हो,' म्हटलं, हसून.

त्याच संध्याकाळी प्रणालीचा मेसेज आला — ताई, बाबा म्हणतात तुम्ही नको म्हटलं, खरंच का? दुष्टपणा तरी धडपणे करावा माणसाने. तेवढीही हिंमत झाली नाही. लिहिलं, 'मी कोण नको म्हणणारी? निर्णय घरच्यांनी घ्यायचा असतो, बाळा.' त्यावर तिने अंगठा पाठवला. त्यानंतर तिचं चित्र ग्रुपवर आलं नाही. कुणी विचारलंही नाही, नवीन पोरं येतच होती आणि मी त्यांना शिकवतच होते — चांगलं शिकवत होते, हेही खरं. त्यांच्यातलं कुणी तिच्यासारखं नव्हतं.

तिने डी.फार्म केलं. आता आर्वीला औषधाच्या दुकानात असते, लग्न झालंय, एक मुलगी आहे. गुरुपौर्णिमेला तिचा मेसेज चुकत नाही. यंदाचा लांबलचक होता. लिहिलं होतं — ताई, बाबांना तेव्हा तुम्ही स्पष्ट सांगितलंत, मला वाईट वाटू नये म्हणून माझ्याशी बोलला नाहीत, आता कळतं. तुम्ही होतात म्हणून मी वेळेवर शुद्धीवर आले, नाहीतर स्वतःला चित्रकार समजत बसले असते. आता हातात ब्रश धरावासाही वाटत नाही, सुटले एकदाची.

मी ते दुकानात बसून दोनदा वाचलं. रडू आलं असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण नाही आलं. हायसं वाटलं. ती परत काढायला लागणार नाही, याची आता खात्री झाली होती. मी तिला आशीर्वाद दिला.