तिनं गोळी चुकवली नव्हती

माझ्या धाकट्या लेकीच्या दवाखान्याच्या फाइलमध्ये लिहिलंय, ‘गोळ्या स्वतःहून बंद केल्या.’ ते खोटं आहे. बंद मी केल्या.

दहाव्या वर्षी तिला फेसाळ लघवी व्हायला लागली, तोंड सुजलं. नागपूरच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाचा कण काढून तपासला. रक्तात ल्युपस, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं तो आजार, सापडत नव्हता, पण मूत्रपिंडाची गत तशीच होती. ते म्हणाले, “गोळी चुकली नाही तर अशी लेकरं मोठी होतात, शिकतात, संसार करतात.”

नऊ वर्षं चुकली नाही. भीमपूरला माझं किराणा दुकान. शटर उघडलं की आधी तिच्या हातावर गोळी, मग गिऱ्हाईक.

त्या गोळीनं तिचा चेहरा गोल गरगरीत झाला होता. एकोणिसाव्या वर्षी स्थळ आलं. पाहुणे यायच्या आधी मी डबीत तशाच दिसणाऱ्या ताकदीच्या पांढऱ्या गोळ्या भरल्या. तिला सांगितलं नाही. चेहरा उतरला, पसंती आली. लग्न होईस्तोवर असंच चालू द्यावं म्हटलं. मग पाय सुजले, दम लागला. स्थळही गेलं.

डॉक्टर तिच्यावर खेकसले. ती म्हणत राहिली, “बाबा रोज देतात, विचारा त्यांना.”

“देतो जी,” मी म्हणालो. झालं, पोरगीच थुंकून देते असं ठरलं.

आज ती तिशीत आहे, डायलिसिसवर. थोरली लेक तिला आपलं मूत्रपिंड द्यायला तयार आहे. पण जुनी फाइल वाचून नवे डॉक्टर अडले: गोळ्या टाकणारीला नवं मूत्रपिंड टिकेल कसं?

परवा दवाखान्यात जाताना बसमध्ये तिला सगळं सांगितलं.

“मी गोळ्या थुंकते असंच समजून आई गेली, बाबा. काऊन नाही बोलले तुमी?”

“भेलो, बाई.”

“आता नका भेऊ. उतरा. डॉक्टर अकराला निघतात.”

डॉक्टर म्हणाले, लिहून द्या. मी लिहिलं, ‘काही दिवस गोळ्या मी बदलल्या, तिला न सांगता.’

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. “काही दिवस म्हंजे किती? लिहा.”

मी ते खोडलं. ‘दोन महिने’ लिहिलं, सही केली. डॉक्टरांनी तो कागद फाइलीत सगळ्यात वर लावला.