कॉलरचा फर्मा

हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईच्या मोठ्या मशिनांच्या शेजारी, कपड्यांची खोली आहे. तिथं दोन शिलाई मशिनं, एक लांब टेबल, एक इस्त्री आणि टाकेबाई. खरं नाव हजेरीच्या वहीत आहे, पण त्या नावानं तिला कुणी हाक मारत नाही. वरच्या मजल्यांवर डॉक्टर माणसांना टाके घालतात, खाली ही चादरींना घालते, आणि कुणाचे टाके जास्त टिकतात याबद्दल समस्त नर्सबाईंचं एकमत आहे.

चादर नेहमी मधोमध झिजते, कारण आजारी माणूस मधोमधच तळमळतो. कडा मात्र कोऱ्या राहतात. टाकेबाई चादर मधून उभी फाडते, धडक्या कडा आत घेऊन जोडते, आणि विरलेला भाग बाहेर, गादीखाली खोचला जाईल असा ठेवते. चोवीस वर्षं हेच चाललंय. त्याखेरीज नर्सच्या गणवेशांच्या कॉलरी. गणवेशाचं बाकी सगळं टिकतं, कॉलर आधी जाते. त्यासाठी तिच्याकडे एक फर्मा आहे, म्हणजे कॉलरच्या आकाराचा कापलेला जाड कागद. तो कापडावर ठेवायचा, भोवती खडूनं रेघ मारायची आणि कातरी चालवायची. आई घरी शाळेचे गणवेश शिवायची, तिनं तो स्वतः करून दिलेला. टाकेबाई तो कुणाला हात लावू देत नाही.

आता पन्नाशीला आल्यावर या बाईनं बाहेरून पदवीची परीक्षा द्यायचं काढलं. नर्सबाई म्हणाल्या, "कशाला हो नसती कटकट?" भाऊ फोनवर हसले. दोन्ही भाऊ तिच्याच शिवणावर शिकून मोठे झालेले, तेव्हा हसायला त्यांना काय जातंय! तिनं खरं कारण कुणालाच सांगितलं नाही. तिला एकदाचं बघायचं होतं, आपण खरोखरच मठ्ठ आहोत का.

कारण तसा तिचा समज होता, आणि तो उगाच नव्हता. एकतीस वर्षांपूर्वी तिनं नर्सिंगच्या शाळेची प्रवेश परीक्षा दिली होती. निवड झालेल्यांनाच पत्र यायचं, नापासांसाठी कोण पोस्टाचा खर्च करतंय! गल्लीतल्या दोघींना पत्रं आली. ही शिवणाच्या कापडाची खेप घेऊन रोज दुकानातून घरी यायची आणि उंबऱ्यातूनच विचारायची, "आई, आलं का पत्र?" आई मशिनवरून मान वर न करता म्हणायची, "नाही गं. आलं की सांगेन." महिनाभर हेच. मग एके दिवशी आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे. सगळ्यांनाच सगळं जमत नाही. तुझ्या हातात कला आहे." तिला रडू आवरलं नाही. चौकशीला जायची तर सोयच नव्हती, तिथं जाऊन आपल्या तोंडानं आपलं नापास होणं विचारायचं? वडील जाऊन वर्ष झालं होतं, भाऊ लहान होते. ती मशिनवर बसली ती बसलीच. लग्नाचंही मग राहून गेलं.

तर, शनिवारी दुपारी ग्रंथालयात तास असायचा. शिकवणाऱ्या बाई तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, तिला "काकू" म्हणायच्या. अभ्यासाला एक कादंबरी होती, एका खाणावळवालीची आणि तिच्या मुलीची. मुलीला शहरातून नोकरीचं पत्र येतं आणि आई ते लपवते, एवढा त्यातला पेच. बाईंनी लेखी काम दिलं होतं, वीस गुणांचं: कादंबरीतला एक विषय निवडा, तो कुठं कुठं येतो ते दाखवा, आणि स्वतःच्या आयुष्याशी जोडून लिहा.

"माझ्या आयुष्यात असलं काही झालेलं नाही हो," टाकेबाई म्हणाली.

"मग उलटं काय झालं ते लिहा, काकू. तेही जोडणंच आहे."

हे तिला पटलं. तिनं घरी वही उघडली आणि आपल्या आईबद्दल तीन पानं भरून काढली. परीक्षेच्या आधी आई कशी समोर बसून पाठांतर घ्यायची, स्वतःला फार वाचता येत नसताना बोट ठेवून ठेवून कसं विचारायची. 'माझी आई या आईच्या अगदी उलट,' असं वाक्य लिहून तिनं त्याखाली रेघही मारली. कादंबरीतल्या मुलीवर मात्र ती चिडली होती. पत्र आलं नाही तर जाऊन विचारायचं ना! एवढी कसली लाज? हेही तिनं लिहिलं, आणि लिहिताना स्वतःकडे तिचं अजिबात लक्ष गेलं नाही.

आईचे डोळे आता गेल्यातच जमा. म्हणून टाकेबाई कामावरून आली की चहा घेता घेता कादंबरी मोठ्यानं वाचायची. आईला भारी गोडी लागली होती. खाणावळवालीनं पत्र पिठाच्या डब्यात लपवलं, ते पान आलं त्या दिवशी आई मध्येच फणकारली.

"मूर्खच आहे बाई."

"कोण?"

"ही खाणावळवाली. पत्र पिठात ठेवतात का? उद्या पीठ संपेल, डबा घासायला काढतील. असं ठेवावं की रोज हाताला लागेल पण डोळ्याला दिसणार नाही."

टाकेबाईला हसू फुटलं. "आई, तू चोर व्हायला हवी होतीस."

"चोर कशाला? दोन कागदांच्या मध्ये घालून खळ लावली की झालं." एवढं बोलून आई थांबली. मग चहाची कपबशी चाचपत म्हणाली, "वाच पुढं."

पुढं मुलीचं रडणं होतं. ते ऐकून आई पुन्हा म्हणाली, "पण वाईट नाहीये गं ती. घर कोण बघणार होतं? पोरगी तीन वर्षं निघून गेली असती."

"तीन वर्षं कुठली, आई? नोकरी आहे ती. कायमचीच."

"तेच ते," आई म्हणाली.

नर्सिंगचा कोर्स तीन वर्षांचा असतो. हे टाकेबाईला तेव्हा सुचलं नाही. सुचलं दुसऱ्या दिवशी, कामावर, अकरा कॉलरी कापायच्या होत्या तेव्हा. तिनं फर्मा कापडावर ठेवला, खडू उचलला, आणि तिची नजर फर्म्याच्या कडेवर गेली. वापरून वापरून कड फुगली होती. तपकिरी कागद, मध्ये पांढरा, पुन्हा तपकिरी. हे तिनं हजारदा पाहिलं होतं, म्हणजे काही पाहिलं नव्हतं.

तिनं खोलीचं दार लोटलं. ओलं फडकं फर्म्यावर पसरून वरून इस्त्री फिरवली. जुनी खळ सुटली. वरचा कागद साल निघावी तसा निघाला.

खाली छापील अक्षरं होती, कॉलरच्या बाकात कापलेली. वरच्या टोकाशी तिचं नाव, आडनाव मात्र कातरीखाली गेलेलं. मधोमध एक ओळ धड राहिली होती: 'आपली निवड झाल्याचे कळविण्यास'. आणि त्याखाली शाईनं लिहिलेलं, 'गुणानुक्रमे चौथी'.

चौथी! दोनशे मुली बसल्या होत्या त्या परीक्षेला.

टाकेबाई स्टुलावर बसली. आधी तिला रागही आला नाही, नुसती लाज वाटली, आपण किती सहज फसलो याची. मग राग आला तो असा, की हातातली कातरी तिनं मुद्दाम खाली ठेवली. एकतीस वर्षं ती भावांना, शेजारणींना, वरच्या नर्सबाईंना हसत सांगत आली होती, "मला नाही बाई जमत, माझं डोकंच नाही त्यातलं." घरी आई शेजारी असायची. ऐकायची. एकदाही तोंड उघडलं नाही तिनं. परक्यानं केसानं गळा कापला असता तर निदान शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. आणि वर तेच पत्र रोज हातात घेऊन टाकेबाईनं दुसऱ्यांच्या कॉलरी कापल्या. अकरा कॉलरी तिनं त्या दिवशीही कापल्या, नुसत्या नजरेच्या अंदाजानं. एकही वाकडी गेली नाही.

घरी आल्यावर तिनं कागद आईच्या हातात दिला. आईनं त्याच्या बाकावरून बोट फिरवलं. विचारावंही लागलं नाही.

"फाडवेना गं," आई म्हणाली. "तुझं नाव होतं त्याच्यावर. आणि कागद चांगला जाड होता."

"कागद चांगला होता!"

"तुझे बाबा गेलेले. ही दोन पोरं. माझे हात तेव्हाच थरथरायला लागले होते, तुला दिसत नव्हतं. शाळा उघडायच्या तोंडावर ऐंशी गणवेश पडलेले. तू गेली असतीस तर..."

"मला सांगायचंस ना. मी राहिले असते."

"राहिली असतीस?"

"राहिले असते, आई."

म्हातारीनं मान हलवली. तिला खरंच कळत नव्हतं. "मग काय फरक पडला?"

"मी पास होऊन राहिले असते."

टाकेबाईनं कागद परत घेतला, वहीतली ती तीन पानं काढून टाकली आणि रात्रीच्या जेवणाआधी नवी पाच लिहिली. रेघ कुठंच मारली नाही. शनिवारी बाईंनी ती वाचली, बराच वेळ चष्मा पुसत बसल्या, आणि वीसपैकी अठरा दिले. दोन गुण कशाचे कापले ते तिनं विचारून घेतलं. आता ती सगळं जाऊन विचारते.

आईचं ती सगळं करते. वेळेवर चहा, डोळ्यांत थेंब, पाय चेपणं, कशातही उणं नाही. आवाजही चढवत नाही. फक्त कादंबरीचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं, ते तिनं कपड्यांच्या खोलीत, डबा खाताना, एकटीनं वाचलं. त्या मुलीनं आईला माफ केलं की नाही, ते त्यात आहे. मग पुस्तक ग्रंथालयात परत करून आली.

आईला ते माहीत नाही. ती दाराच्या आवाजाकडे कान लावून बसलेली असते. टाकेबाई उंबऱ्यात आली, की पिशवी खाली ठेवायच्या आत विचारते, "शेवट वाचलास का गं? काय केलं त्या पोरीनं?"

टाकेबाई चपला काढत म्हणते, "नाही गं. वाचला की सांगेन."