खाट हलणार नाही

माझी आत्या वर्षापूर्वी ज्या खाटेवर गेली, त्याच खाटेवर बसून मी ही पोस्ट लिहितेय.

झोपते पण हिच्यावरच.

ज्यांच्या अंगावर काटा आला असेल त्यांनी खुशाल स्क्रोल करून पुढे जावं.

आज इंदूआत्याचं वर्षश्राद्ध झालं. फॅमिली ग्रुपवर लिहिलं असतं तर काकांनी लगेच डिलीट करायला लावलं असतं. म्हणून इथे.

आत्या उमरठची. नवऱ्याने टाकल्यावर एक ट्रंक घेऊन महाडला आली, दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि एमआयडीसीतल्या पोरांचे डबे करायला लागली. सख्खे भाऊ होते. कुणी बसायला एक पाटसुद्धा दिला नाही.

मग तिने हमीदभाईंच्या भंगाराच्या गोदामातून घर मांडलं. सगळं सेकंडहँड.

चांगली वस्तू आली की हमीदभाईंचा फोन यायचा. "आत्या, सागवान हाय. येऊन बगून जावा." अख्ख्या गल्लीची ती आत्याच होती.

मी आठवीपासून तिच्याकडे शिकायला. आमच्या घरात प्रत्येक वस्तूला आधीच्या मालकाचं नाव.

नाते गावच्या वकिलांची आरामखुर्ची. तिचं फाटलेलं वेतकाम आत्याने स्वतः विणलं होतं, वाकडंतिकडं, पण आजवर कुणी खाली पडलं नाही.

दुबईवाल्या भाभींचा मिक्सर. पाठीत एक धपाटा घातल्याशिवाय चालू व्हायचा नाही.

जेवायचं टेबल म्हणजे शाळेचा बाक. त्यावर कुणीतरी कर्कटकाने कोरलेलं, 'सुनील बावळट आहे'. त्या सुनीलच्या साक्षीने मी दहावी पास झाले.

आणि ही मास्तरांची खाट.

पोलादपूरचे एक रिटायर्ड मास्तर हिच्यावर गेले आणि मुलांनी लगेच ती भंगारात काढली. आपल्याकडे माणूस जायला लागला की त्याला खाली घेतात. खाटेवरच गेला तर ती खाट घरात ठेवत नाहीत.

आत्याने ती टेम्पोत घालून घरी आणली.

काकू दारातूनच म्हणाली, "अगं इंदू, हिच्यावर माणूस गेलाय."

आत्या म्हणाली, "जमिनीवर काय कमी गेली हायत? मग काय मी उडत फिरू?"

आमच्या घराला नातेवाईक 'भंगारखाना' म्हणायचे. तोंडावर. आत्या हसायची. मी नाही हसायचे, मला राग यायचा, अजूनही येतो.

मग तो पूर आला. कमरेच्या वर पाणी. ओसरल्यावर सगळ्या गल्लीतले प्लायवूडचे बेड नि सोफे पुरीसारखे फुगून रस्त्यावर पडलेले.

आत्याने खाट घासून धुतली, उन्हात वाळवली, तेलाचा हात फिरवला आणि होती तिथे लावली.

काकांच्या घरचंही सगळं गेलं; नवीन फर्निचर येईपर्यंत महिनाभर काका-काकू आमच्याकडे होते. काका कुठे झोपायचे? ह्याच खाटेवर. घोरत.

मागच्या वर्षी आत्या दुपारी डबे पाठवून, जेवून, जरा आडवी झाली. मी चहाला उठवायला गेले तर ती गेलेली होती. खाली घ्यायला तिने कुणाला वेळच दिला नाही.

आत्या गेली ह्याचं दुःख राहिलं बाजूला, सगळ्यांच्या डोळ्यांत सलायला लागली ती खाट.

"खाट काढ." "शांती करून घे." "तिचा जीव अडकेल त्यात." वर्षभर हाच धोशा. शेवटी काकांनी सांगितलं, खाट बाहेर गेल्याशिवाय मी पिंडाला बसणार नाही.

आज सकाळी गुरुजी आले, पाहुणे आले. काका आले आणि खाट बघून दारातच उभे राहिले. हमीदभाईंना परस्पर निरोप पण देऊन आले होते.

मी जाऊन खाटेवर मांडी घालून बसले. म्हटलं, उचला माझ्यासकट.

"हा काय तमाशा आहे? लोक बघतायत."

"बघू देत. काका, मास्तर गेलेली खाट तुम्हाला महिनाभर चालली. तुमची बहीण गेलेली का चालत नाही?"

काकूने पदर सारखा केला.

तेवढ्यात हमीदभाई टेम्पो घेऊन आले. दारात चपला काढत म्हणाले, "आत्यांची खाट उचलायची हाय म्हनून निरोप आला."

आत्यांची खाट.

इतकी वर्षं ती मास्तरांची खाट होती. मला एकदम भरून आलं, इतक्या लोकांसमोर रडले मी.

"नाही उचलायची, हमीदभाई."

"मंग च्या टाक गो पोरी," म्हणाले आणि माझ्या शेजारी खाटेवर टेकले.

काका पिंडाला बसले. तोंड फुगवून बसले, पण बसले. कावळ्यासाठी पान बाहेर ठेवलं आणि मी हात धुवून येईपर्यंत कावळा शिवलासुद्धा. आत्याचा जीव खाटेत अडकलाय म्हणणाऱ्यांनी आता कावळ्याशी बोलून घ्यावं.

तर सगळ्या नातेवाइकांसाठी, एकदाच आणि जाहीर.

खाट इथेच राहणार. खुर्ची, बाक, मिक्सर, सगळं राहणार. आणि माझी वेळ येईल तेव्हा मलाही खाली उतरवू नका. हिच्यावरच जाऊ द्या. नंतर ज्याला हवी त्याला खाट द्या, फक्त ती कुणाची होती ते नाव सांगून द्या.

इंदूआत्या, तुझी खाट आहे तिथेच आहे. आज तेलाचा हात पण फिरवलाय.

नमस्कार करते गं तुला.