चिठ्ठी न निघालेलं घर

मुलीच्या गणिताच्या पुस्तकात नमुना पाहणीचा धडा दिसला आणि तानसा धरणाजवळचा एक पाडा आठवला. सातवीत शाळेच्या पाहणीसाठी आम्ही मुलं दोन गट करून तिथे एकच प्रश्न विचारत होतो, पिण्याचं पाणी कुठून आणता? दुसरा गट वाटेत भेटेल त्याला विचारायचा. आम्ही मात्र सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या टाकून, ज्यांची निघाली त्याच घरांत. भर उन्हात टेकाडावरच्या एका बाईने जवळजवळ रिकामा हंडा तिरका करून आम्हाला तांब्याभर पाणी दिलं. गार, मातीच्या वासाचं. आम्ही ते घटाघट संपवलं. “आमाला नाय इचारत गो?” तिने विचारलं. “तुमची चिठ्ठी नाय निघाली, मावशी,” मी ऐटीत म्हणाले. सरांनी आमचीच पद्धत बरोबर ठरवली. मुलीलाही मी तीच समजावली. पण ते पाणी त्या बाईने कुठून आणलं होतं, हे मला आजही माहीत नाही.